न धुतलेला खजूर

शारजातल्या रोल्ला बाजारात फळवाल्यांकडे रुतब आला की मी गाडी कडेला लावते. पार्किंग मिळणं मुश्कील, मागचे हॉर्न वाजवून जीव खातात, तरी लावते. रुतब म्हणजे ओला खजूर. अर्धा पिवळा आणि कडक, अर्धा पिकून मधाच्या रंगाचा झालेला. उपासाच्या दिवशी पाकिटातून निघणारा, एकमेकांना चिकटलेला काळा गोळा म्हणजे खजूर, अशी लग्न होऊन इथे येईपर्यंत माझी ठाम समजूत होती. चिंचवडच्या मुलीला याहून जास्त कुठून ठाऊक असणार? झाडावरून नुकताच उतरवलेला खजूर पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा हे आणि ते एकच फळ आहे यावर माझा विश्वासच बसेना.

दुकानाबाहेर जुलैची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर पडते. एसीतून उतरल्याबरोबर चष्म्यावर धुकं धरतं आणि जरा वेळ आंधळ्यासारखं उभं राहावं लागतं. तेवढ्यात वास येतो. पिकल्या फळांचा, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, दुकानदाराने पायरीवर मारलेल्या पाण्याचा. चष्मा निवळला की मी खोक्यातला एक खजूर उचलते. पुसत नाही, धुवायला पाणी मागत नाही. तोंडात टाकते आणि सावकाश चावते.

"आई, यू डिडन्ट इव्हन वॉश इट! दॅट्स सो ग्रॉस!" गाडीच्या खिडकीतून माझी लेक ईरा ओरडते. तिचा जन्म शारजाचा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"थांब गं, मोजतेय मी."

"मोजतेय व्हॉट?"

धूळ, असं सांगितलं तर ती डोळे फिरवेल. पण खरंच, माझं पोटापाण्याचं काम तेच आहे. रस्ते, पूल, गोदामं बांधायची तर आधी सरकारच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. परवान्यासोबत अटी येतात. धूळ इतकीच उडवा, आवाज इतकाच करा, सांडपाणी इथे सोडू नका, अमुक झाडांना हात लावू नका. बांधणारे त्या अटी पाळताहेत की नाही, हे मोजून दर महिन्याला खात्याला कळवायचं, हे आमच्या कन्सल्टन्सीचं काम. गंमत अशी की आमचं बिल भरतो तो बांधणाराच. म्हणजे सुनेने सासूच्या स्वयंपाकाला मार्क द्यायचे, आणि तेही सासूच्याच घरात जेवून.

काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवला की दाताखाली अजून कचकच होते.

शारजापासून आत, डोंगरांच्या दिशेने, एक एकेरी रस्ता होता. वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना वाळू, अधूनमधून घाफची झाडं आणि त्यांच्या तोकड्या सावलीत उभे असलेले उंट. त्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. रस्ता हवाच होता, याबद्दल दुमत नाही. त्या वळणांवर ट्रक आणि शाळेच्या बस समोरासमोर यायच्या, अपघात व्हायचे. शाळा उघडायच्या आत तो सुरू करायचा, असा वरून धोशा होता. मी त्या कामावर मध्येच दाखल झाले. आधीचा सहकारी देश सोडून गेला होता आणि फाइल, हेल्मेट आणि धूळ मोजायचं मशीन एवढं माझ्या हवाली झालं.

मशीन म्हणजे तिपाईवरची पेटी. डोक्यावर छोटी टोपी, आत पंप. दिवसभर हवा ओढत राहते आणि तिच्यात धूळ किती ते सांगते. महिन्यामागून महिना आकडे उत्तम होते. इतके उत्तम, की आमच्या शारजाच्या गॅलरीतसुद्धा तेवढी स्वच्छ हवा निघाली नसती. जुलैच्या पहिल्या फेरीला मी साइटच्या फाटकापाशी उतरले आणि मशीनजवळ गेले. खाली बघते तर काय, तिपाईच्या तिन्ही पायांभोवती गवत उगवलेलं. कोवळं, पोपटी, वाऱ्यावर डुलणारं गवत. चहूकडे पांढरी माती भाजून निघालेली, आणि मध्ये हे हिरवं आसन घालून आमचं मशीन बसलेलं! मला आधी हसू फुटलं. मग हसू आपोआप थांबलं.

पाण्याचा टँकर चालवणारा गुल खान पठाण होता, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्याला विचारलं तर तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मॅडम, फोरमॅन बोला मशीन को धूल नहीं लगना. हम रोज सुबह-शाम इसको अच्छे से नहलाता है."

"और उधर? जिधर डंपर चलता है?"

"उधर कभी-कभी. उधर तो मशीन नहीं है ना."

यात लबाडी कमी आणि आदरातिथ्य जास्त होतं. पाहुणा आला की अंगणात सडा घालावा, तसे ते लोक मशीनपुढे सडा घालत होते. मशीन खूश तर परवाना खूश, असा हिशेब. गुल खानवर रागवायचं कशाला? राग मला आला तो नकाशा उघडल्यावर. परवान्याच्या नकाशात मोजणीची जागा फाटकापाशी नव्हतीच. ती होती पलीकडे, डंपरच्या कच्च्या वाटेला लागून असलेल्या खजुराच्या बागेपाशी. तिथे वीज नाही म्हणून कुणीतरी कधीतरी मशीन फाटकापाशी आणलं, आणि ते तिथलंच होऊन बसलं.

मी बागेकडे गेले. डंपर जात-येत होते आणि प्रत्येकामागे पिठासारखी धूळ उठत होती. वाळवंटात धूळ असणारच, हे वाक्य इथे सगळ्यांच्या तोंडी असतं. पण वाऱ्याने उडणारी वाळू जाड असते, अंगाला टोचते आणि खाली बसते. डंपरच्या चाकाखाली भरडलेल्या खडीची धूळ निराळी. ती बसत नाही, चिकटते. बागेच्या कुंपणाकडची झाडं त्या धुळीने राखाडी झाली होती. घडांवर बारीक जाळी दिसत होती. धुळीत कोळी माजतो, तो फळांवर जाळं विणतो, जाळ्यात आणखी धूळ अडकते आणि फळ खरबरीत होऊन वाळून जातं.

बागेची मालकीण फाटकात उभी होती. काळा अबाया, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा, सोनेरी मुखवट्यासारखा बुरका, हातात काठी. सगळे तिला उम्म सालेम म्हणत, म्हणजे सालेमची आई. सालेम अबू धाबीला मोठ्या हुद्द्यावर होता आणि आईने बाग विकून आपल्याकडे यावं म्हणून मागे लागला होता. ही ऐकत नव्हती. झाडं तिच्या नवऱ्याने लावलेली, आणि काही तिने स्वतः. जुन्या काळी मुंबईहून येणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. मी माझं ओळखपत्र पुढे केलं, तर तिने ते हाताने बाजूला सारलं आणि खजुराची थाळी पुढे केली.

"पहले खाओ. बात बाद में."

मी पाण्याची बाटली उघडून खजूर धुवायला लागले. तिने काठीचं टोक माझ्या मनगटाला लावलं.

"ऐसा खाओ. हम लोग झाड से ऐसा ही खाता."

मी खाल्ला. गोड लागायच्या आधी दाताखाली कचकच झाली. जिभेवर, टाळूला, दाढेच्या फटीत खडीचं पीठ. थुंकणं असभ्य, गिळणं कठीण. उम्म सालेम माझ्याकडे एकटक बघत होती आणि मी कसाबसा तो घास घशाखाली उतरवला.

"इस साल खलास," ती म्हणाली. "अगला साल भी ऐसा, तो झाड खलास. सालेम बोलता है, बेचो. तुम बोलो, बेचूँ?"

विकू नका असं सांगायला मी कोण? पण गाडीत बसल्यावर मनाशी पक्कं झालं होतं, की मशीन उद्याच्या उद्या इथे येणार.

आता खरी अडचण सांगते. त्या रस्त्याचे प्रोजेक्ट मॅनेजर होते अविनाश जोगळेकर. साइटवर जोगळेकर सर आणि आमच्या मराठी मंडळात अविनाशदादा. आम्ही नवे नवे आलो तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलो होतो. ईराच्या वेळी माझं डोहाळजेवण वैशालीवहिनींनीच केलं, आई व्हिसासाठी अडकली होती म्हणून. गणपतीत त्यांच्या घरी मोदक वळायला बसायचं आणि त्यांच्याच साइटवर अट मोडल्याचं लिहायचं, हे एकाच बाईला करायचं होतं.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. ते केरळी, शब्द मोजून वापरणारे. "परमिट में लिखा है?" "लिखा है." "फिर यल्ला." यल्ला म्हणजे चला, लागा कामाला. झाली मीटिंग.

दादांच्या साइट ऑफिसात मी गेले, तेव्हा दुपारची सक्तीची सुट्टी होती. त्या उन्हात बाहेर काम करायला बंदीच असते. कंटेनरच्या सावलीत माणसं तोंडावर पंचे टाकून पडली होती आणि आत एसी घरघरत होता.

"मीनल, तू डेटा बघ ना," दादा म्हणाले. "सगळं लिमिटच्या आत. कशाला प्रॉब्लेम क्रिएट करतेस?"

"सर, मशीन चुकीच्या जागी आहे."

"तिथे पॉवर नाही."

"उम्म सालेम त्यांच्या पंपाच्या खोलीतून देताहेत."

ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, सर-बिर सोड. दादा म्हणून सांगतो. रिडिंग वर गेलं की खातं अर्थवर्क थांबवणार. शाळा उघडायच्या आत रस्ता झाला नाही तर माझ्यावर येईल. त्या वळणावर काय काय बघितलंय मी, तुला माहितीये? कुणाच्या तरी खजुरावर धूळ बसते म्हणून हे सगळं थांबवायचं? आणि आपलं माणूस म्हणून काही आहे की नाही?"

त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. त्या वळणावर झालेल्या एका अपघातात सगळ्यात आधी धावत गेलेले तेच होते. मी पर्समधून रुमालात बांधून आणलेला बागेतला खजूर काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"दादा, एवढा खा. मग म्हणाल ते ऐकते."

त्यांनी तो उचलला, बोटांवर राखाडी पीठ आलं, आणि ते सवयीने बेसिनकडे वळले.

"धुवायचा नाही."

"वेडी आहेस का? न धुता कसा खाणार?"

"तोच माझा रिपोर्ट आहे," मी म्हणाले.

खजूर टेबलावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मशीन बागेपाशी गेलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही, सोसण्यासारखं बरंच होतं. आकडे मर्यादेच्या कितीतरी वर चढले. मी रिपोर्ट पाठवला. खात्याने मातीकाम थांबवलं. कच्च्या वाटेवर दिवसभर पाणी, डंपरना वेगाची मर्यादा, खडीच्या ढिगांवर आच्छादन आणि बागेच्या बाजूला उंच जाळी, एवढं झाल्यावरच काम पुन्हा सुरू झालं. गुल खानचा टँकर आता डंपरच्या वाटेवर फिरायला लागला. मला बघून तो खिडकीतून हात करायचा. "मॅडम, अब पूरा रस्ता नहाता है!" फाटकापाशी मशीनखाली उगवलेलं गवत आठवड्यात वाळून गेलं.

रस्त्याला उशीर झाला. शाळा उघडल्या तेव्हा बस जुन्याच वळणांवरून जात होत्या, आणि तो रस्ता पुरा होईपर्यंत रोज सकाळी बातम्या उघडून मी आधी अपघात शोधायचे. सुदैवाने काही झालं नाही. झालं असतं तर? हा प्रश्न मी अजून टाळत नाही. त्याचं उत्तर एवढंच देता येतं, की परवाना ही दुहेरी कबुली असते. रस्ता मिळेल, पण जो शेजारी परवान्याच्या बैठकीत बसलेला नाही त्याच्या तोंडात माती जाणार नाही. पहिला अर्धा शब्द पाळायला सगळे धावतात. दुसऱ्या अर्ध्यासाठी कुणीतरी पगारावर ठेवावं लागतं, आणि त्या उन्हाळ्यात ती मी होते.

दादांची बदली दुबईच्याही पलीकडे, जबल अलीच्या साइटवर झाली. बदली म्हणजे शिक्षाच, हे सगळ्यांना कळलं. रोजचा शारजा ते जबल अली प्रवास, तो ट्रॅफिक, वहिनींचं एकटीने घर बघणं. गणपतीला आम्हाला बोलावणं आलं नाही. मंडळाच्या आरतीला वहिनींनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला तो दुसरीकडे बघत. माझा नवरा म्हणाला, "तू बरोबर होतीस, पण जरा गोडीगुलाबीने घ्यायला हवं होतंस." मी त्याला म्हटलं, गोडच तर नेलं होतं टेबलावर. रात्री मात्र उशी भिजली. बरोबर असण्याने एकटेपणा कमी होत नाही.

त्या वर्षी उम्म सालेमच्या कुंपणाकडच्या झाडांचे घड बकऱ्यांना घालावे लागले. बाग तिने विकली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी नव्या रस्त्याने तिच्याकडे गेले. काय सुरेख रस्ता झाला आहे! वळणं गेली, मध्ये दुभाजक आला, मी खिडकीची काच खाली करून गाडी चालवली. झाडं हिरवी होती. घडांवर तिने जाळीच्या पिशव्या बांधल्या होत्या. तिने मला खोकंभर खजूर दिले आणि एक माझ्या तोंडात स्वतः घातला. न धुता. मी चावला, थांबले, पुन्हा चावला. दाताखाली गोडाशिवाय काही नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली, तशी ती काठी आपटून हसली.

त्या खोक्यातले निम्मे खजूर मी स्टीलच्या डब्यात भरले आणि जोगळेकरांच्या दारात नेऊन दिले. वहिनींनी घेतले. डबा चार दिवसांनी वॉचमनकडे ठेवलेला मिळाला. घासून लख्ख केलेला आणि रिकामा.

आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामा देत नाहीत. वहिनींना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, मला तर त्यांनीच शिकवलं होतं. मी तो डबा कपाटात ठेवला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खजूर भरून नेला. पुन्हा रिकामा आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. नवरा म्हणाला, "हट्टीपणा पुरे." हट्टच होता. मशीन नकाशातल्या जागीच ठेवायचं हाही हट्टच होता, आणि मला दोन वेगवेगळे हट्ट करता येत नाहीत.

परवा एका नव्या रस्त्याची पहिली बैठक झाली. एक तरुण इंजिनियर मला उत्साहाने म्हणाला, "मॅम, मशीन आमच्या ऑफिसजवळ ठेवू या, पॉवर आहे, शेड आहे, सिक्युरिटी आहे. तुम्हालाही कन्व्हीनियंट." मी म्हटलं, आधी नकाशा उघड. नकाशात जागा होती एका वस्तीच्या मागे, जिथे कामगारांचे कपडे दोऱ्यांवर वाळतात. तिथे पॉवर नाही, शेड नाही. "मग मशीन तिथेच जाईल," मी म्हटलं. तो नाराज झाला. होऊ दे. पॉवरचं बघू, इन्शाल्ला, आणि इन्शाल्लाच्या जोडीला मी रोज फोनही करणार आहे.

यंदा उम्म सालेमने तिच्या ड्रायव्हरबरोबर खोकं पाठवलं. तिला आता फारसं चालवत नाही, पण घड कोणते उतरवायचे ते खुर्चीत बसून तीच सांगते. मी नेहमीसारखा डबा भरला आणि ईराबरोबर जोगळेकरांकडे पाठवला. ती परत येऊन म्हणाली, "दे वर नाइस. अंकल वॉज होम. ही आस्क्ड इफ यू स्टिल वर्क विथ डस्ट."

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात वैशालीवहिनी. कपाळावर घाम, लिफ्ट बंद होती म्हणून जिने चढून आलेल्या. हातात माझा डबा, आणि तो दोन्ही हातांनी धरलेला, म्हणजे जड होता. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. झाकणातून वेलचीचा आणि ओल्या नारळाचा वास येत होता.

"वड्या आहेत," त्या म्हणाल्या. मग चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "खजूर धुवायला घेतले तर ह्यांनी हात धरला गं माझा. म्हणाले, थांब, मीनलचा रिपोर्ट खायचा राहिलाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, खाल्ला. तसाच. आणि दुसरा उचलला."

मी त्यांना आत घेतलं आणि चहा टाकला.